रांगेला धक्का देऊ नकोस

चार्ज द्यायचा म्हणजे पासवर्डांचं पाकीट, एएमसीची फाइल आणि व्हेंडरांचे नंबर द्यायचे, एवढंच ऑफिसला ठाऊक असतं. ते सगळं तुला मिळालं आहेच. आता कुठल्याच फाइलीत नाही ते ऐक. मेल सर्व्हर बंद पडला तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. सगळा मजला एकदम ओरडतो आणि कारणही बहुधा ढळढळीत असतं. जीव खातो तो उशीर. सर्व्हर चालू आहे, बरेचसे मेल जातायत, आणि अकाउंट्समधून फोन येतो: "अहो, टेंडरचं पत्र सकाळीच पाठवलंय, त्यांना अजून मिळालं नाही म्हणतात. तुमचा सर्व्हर स्लो झालाय का?"

"सर्व्हर स्लो आहे" ही तक्रार म्हणून लिहून घेऊच नकोस. कुणाला पाठवला, किती वाजता पाठवला, आणि बाकीच्यांना गेले का, एवढं विचार. पत्र उशिरा का होईना पोचलं असेल तर पलीकडच्या माणसाकडून त्याचे पूर्ण हेडर मागव. जीमेलवाला असेल तर 'शो ओरिजिनल' दाबून जे दिसेल ते जसंच्या तसं पाठवा म्हणावं. नुसता फॉरवर्ड केलेला मेल घेऊ नकोस, त्यात आपल्याला हवं ते उरलेलं नसतं.

हेडरमधल्या 'रिसीव्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या. प्रत्येक सर्व्हर पत्र ताब्यात घेताना स्वतःची ओळ वर चिकटवतो, म्हणून सगळ्यात जुनी ओळ तळाशी असते. समज, तळाच्या ओळीत वेळ आहे १०:०२:११ आणि पुढे +०५३०. तिच्या वरची ओळ आपल्या बाहेर जाणाऱ्या सर्व्हरची, १०:०२:१३, तिथेही +०५३०. सगळ्यात वरची त्यांच्या सर्व्हरची, ०५:०९:४०, पण पुढे +००००. घाईत वाचणारा म्हणतो, पत्र पाठवण्याच्या पाच तास आधीच पोचलं, म्हणजे त्यांचं घड्याळ बिघडलंय. घड्याळाला काहीही झालेलं नाही. ती वेळ यूटीसी आहे, तीत साडेपाच तास मिळव. १०:३९:४० झाले. म्हणजे साडेसदतीस मिनिटं गेली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे. ओळ घेणारा लावतो, देणारा लावत नाही. म्हणून ही मिनिटं पत्राने आपल्याच रांगेत काढली. पण आपल्या रांगेत काढली म्हणजे आपल्यामुळे काढली असं होत नाही. पत्र थांबलं कुठे आणि ते थांबवलं कुणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नव्या माणसाची निम्मी धावपळ या दोहोंची गल्लत केल्यामुळे होते.

(खरोखरच घड्याळ चुकलेले सर्व्हरही भेटतात. म्हणून आपलं एनटीपी चालू आहे ना, हे आधी बघावं आणि मग दुसऱ्याच्या घड्याळाला नावं ठेवावीत.)

थांबवलं कुणी, हे कळतं समोरच्या सर्व्हरच्या तीन आकड्यांच्या उत्तरावरून. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचा मसुदा लिहिला तेव्हापासून या उत्तरांचा पहिला आकडा तोच अर्थ सांगत आला आहे. २ म्हणजे घेतलं. ५ म्हणजे घेणार नाही, परत येऊ नका. आणि ४ म्हणजे तलाठी कार्यालयातलं "उद्या या". काम होणार नाही असं कुणी म्हणालेलं नसतं, पण आत्ता होणार नाही हे नक्की. ४ ऐकल्यावर पत्र फेकून द्यायचं नसतं. जपून ठेवायचं आणि पुन्हा जायचं, हे पाठवणाऱ्या सर्व्हरचं कर्तव्यच आहे. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये ते लिहून ठेवलेलं आहे. दोन प्रयत्नांमध्ये साधारण निदान अर्ध्या तासाचं अंतर असावं, आणि हार मानायची ती चार-पाच दिवसांनी.

चार-पाच दिवस हे आजच्या माणसाला विचित्र वाटतं. व्हॉट्सॲपची दुसरी टिक चार सेकंदांत आली नाही तरी लोक अस्वस्थ होतात. पण ही व्यवस्था ज्या काळात घडली तेव्हा लायनी सतत जोडलेल्या नसायच्या. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं. त्या सुरुवातीच्या दिवसांत मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यातलं टपाल डायल-अप टेलिफोन लायनीवरून यूयूसीपीने जायचं. लाइन लागली की गठ्ठा गेला, नाही लागली तर पुढच्या खेपेला. पुढे १९९६ मध्ये ईटीआरएन नावाची एक आज्ञाच प्रमाणित झाली. ग्राहकाने लाइन जोडून सर्व्हरला सांगायचं, "आलो, माझं साठलेलं टपाल सोड." उशीर हा या यंत्रणेतला बिघाड नव्हे. उशीर सहन करण्यासाठीच ती बांधलेली आहे, आणि तुला तिच्याशी भांडायचं नसून तिला काम करू द्यायचं आहे.

आपल्याकडे पोस्टफिक्स आहे. वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला, १९९८ मध्ये बाहेर आलेला. त्याची परत जाण्याची चाल पाठ कर, म्हणजे फोनवर उत्तर देता येईल. अडलेलं पत्र 'डिफर्ड' रांगेत जातं. दर ३०० सेकंदांनी रांगेवर फेरी होते. पहिल्या अपयशानंतर पत्र किमान ३०० सेकंद विसावतं, आणि पुढे त्याचं जेवढं वय झालं असेल तेवढा वेळ ते थांबतं. म्हणजे साधारण पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी मिनिटांवर प्रयत्न होतात. अंतर दुपटीने वाढत जातं आणि ४००० सेकंदांवर, म्हणजे सदुसष्ट मिनिटांच्या आसपास, अडतं. तिथून पुढे पाच दिवस तीच लय. फेरीची वेळ मधे येत असल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे पुढे सरकतात. पहिला फेरप्रयत्न साडेसात मिनिटांनी झाला तर पुढचा साडेसतराला आणि त्यापुढचा साडेसदतीसला पडू शकतो. मघाची साडेसदतीस मिनिटं आठव. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. दोन-तीन वेळा "उद्या या" ऐकून आलेल्या पत्राचा तो सरळ हिशेब आहे.

एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरची चाल निराळी आहे. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग सोळा तासांपर्यंत तासापासून सुरू होऊन दीडपटीने वाढणाऱ्या अंतराने, आणि पुढे चार दिवसांपर्यंत दर सहा तासांनी प्रयत्न होतात. पलीकडे एक्झिम असेल आणि ते "आमच्याकडून सहा तासांनी परत येईल" म्हणाले, तर ते थापा मारत नाहीत.

आता लॉग. अडलेल्या पत्राची ओळ काढ आणि तीत 'डिलेज' शोध. तिथे तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात, सेकंदांत. पहिला, पत्र आपल्याकडे आल्यापासून शेवटच्या वेळी चालू रांगेत शिरेपर्यंतचा. दुसरा, चालू रांगेत पाळीची वाट बघण्यातला. तिसरा, जोडणीचा, ज्यात डीएनएस, हॅलो आणि टीएलएस सगळं आलं. चौथा, प्रत्यक्ष पत्र सोपवण्याचा. लोक नुसता एकूण 'डिले' बघतात आणि डोकं धरून बसतात. एकूण आकड्याला काही अर्थ नाही, फोड बघायची.

ही एक ओळ घे: २२४९/०.०१/०.९/१.१, स्टेटस सेंट. एकूण साडेसदतीस मिनिटं लागली, पण त्यातली जवळजवळ सगळी पहिल्या आकड्यात. शेवटच्या खेपेला दोन सेकंदांत काम झालं. म्हणजे आधीच्या खेपांना नकार मिळाला होता. त्याच क्यू-आयडीने लॉगमध्ये मागे जा, 'डिफर्ड'च्या ओळी सापडतील आणि कंसात कारणही सापडेल. आता दुसरी: ०.१/०.०२/३०/२.९. इथे तिसरा आकडा तीस आहे. एकोणतीस नाही, बत्तीस नाही. असा गोल आकडा दिसला की कान टवकार. जोडणीची वाट बघण्याची पोस्टफिक्सची मूळ मर्यादा ३० सेकंद आहे. म्हणजे पहिल्या पत्त्यावर तीस सेकंद ताटकळून दुसऱ्या पत्त्यावर पत्र उतरलं. हे बहुतेक वेळा आयपीव्ही-६ चं दुखणं असतं. सर्व्हरला तो पत्ता मिळालाय, रस्ता मात्र पुढे कुठेतरी तुटलाय. तिसरा आकडा पाच किंवा दहाच्या पटीत दिसला तर आधी 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' उघड. पहिला नेमसर्व्हर मेलेला असेल, आणि प्रत्येक प्रश्नाला पाच सेकंद त्याची वाट बघून मग दुसऱ्याला विचारलं जात असेल.

दुसरा आकडा फुगला तर दुखणं आपल्या घरात. चालू रांगेत गर्दी आहे, पाठवणाऱ्या प्रोसेस पुरत नाहीत. चौथा फुगला तर एकतर लाइन हळू आहे किंवा समोरचा सर्व्हर पत्र घेतल्यावर स्पॅम आणि व्हायरस तपासत बसलाय, आणि तोवर पावती देत नाहीये. यात एक गंमत आहे. पावती यायच्या आधी आपली मुदत संपली, तर आपण समजतो पत्र गेलं नाही आणि परत पाठवतो. तिकडे मात्र ते पोचलेलं असतं. एकाच पत्राच्या चार प्रती मिळाल्याची तक्रार आली तर लॉगमध्ये 'टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग एंड ऑफ डेटा' असं लिहिलेलं दिसेल, आणि पुढे पत्र एकाहून जास्त वेळा जाऊ शकतं असा इशाराही. अकाउंट्सवाल्यांनी चार वेळा बटण दाबलं असा आरोप त्याआधी करू नकोस.

लहान मेल झपाझप जातात आणि अटॅचमेंटवाले मधेच लटकतात, असं दिसलं तर मेल सर्व्हर सोड आणि नेटवर्कवाल्याला गाठ. व्हीपीएन किंवा ब्रॉडबँडच्या मार्गावर एमटीयू कमी असतो, मोठी पाकिटं वाटेत गळतात, आणि त्याची सूचना परत आणणारं आयसीएमपी कुठल्यातरी उत्साही फायरवॉलने बंद केलेलं असतं.

सर्व्हर नुकताच क्लाउडवर हलवला असेल आणि बाहेरचं प्रत्येक पत्र 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणत अडत असेल, तर फार खोलात जाऊ नकोस. ॲमेझॉन आणि गूगल, दोघांच्याही क्लाउडवर बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळातच अडवलेलं असतं.

आता "उद्या या" म्हणणाऱ्यांची मनं ओळखायला शिक. पहिल्या प्रकारातला सर्व्हर अनोळखी माणसाला मुद्दाम थांबवतो. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये ही युक्ती मांडली. पाठवणाऱ्याचा आयपी, त्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता हे त्रिकूट पहिल्यांदाच दिसलं तर ४ म्हणायचं. स्पॅम पाठवणारे परत येत नाहीत, खरा सर्व्हर येतो. हॅरिस यांच्या मूळ मांडणीत थांबवण्याचा काळ एक तास होता, पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्राममध्ये तो ३०० सेकंद असतो. एका तासाचं ग्रेलिस्टिंग असेल तर आपलं पत्र पाच, दहा, वीस, चाळीसला हटकलं जाऊन ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास उतरतं. यात कुणाचाच दोष नाही, दुसऱ्या पत्रापासून रस्ता मोकळा. फक्त एक लक्षात ठेव. आपल्याच सर्व्हरवर कुणी हौसेने ग्रेलिस्टिंग लावू म्हणालं, तर त्याला ओटीपीची आठवण करून दे. दहा मिनिटांत मरणारा ओटीपी वीस मिनिटांनी आला तर शिव्या बँकेला बसत नाहीत, तुला बसतात.

दुसऱ्या प्रकारातला सर्व्हर तुला ओळखतो आणि म्हणूनच थांबवतो. उत्तर ४२१ ने सुरू होतं आणि पुढे तुमच्याकडून फार मेल येतायत असा सूर असतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क सक्तीचं केलं. नियम न पाळणाऱ्यांच्या थोड्या मेलना सुरुवातीला ४ मिळू लागले, आणि एप्रिलपासून ५ ची सुरुवात झाली. म्हणजे अशा ठिकाणी ४ ही सवलतीची मुदत असते. मेल शेवटी पोचतायत ना, म्हणून डोळेझाक केलीस तर काही आठवड्यांनी ते पोचणार नाहीत.

या दुसऱ्या प्रकारात आपलं घरही तपास. 'क्यूशेप डिफर्ड' चालव. उभ्या बाजूला डोमेन, आडव्या बाजूला वय: पाच मिनिटं, दहा, वीस, असं दुपटीने वाढत १२८० पर्यंत. एकाच डोमेनची ओळ भरलेली असेल तर भानगड तिकडची. सगळ्या डोमेनना थोडं थोडं अडलेलं दिसत असेल तर भानगड इकडची. आणि कधी नाव न ऐकलेल्या फुकट्या मेल-डोमेनांची लांबलचक यादी निघाली, पाठवणारा मात्र एकच, तर कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेलाय. पासवर्ड आधी बदल, मग ती पत्रं 'पोस्टसुपर -एच' ने रोखून ठेव. लगेच डिलीट करू नकोस. एखादं 'पोस्टकॅट -क्यू' ने उघडून बघ, कुठून आली ते कळेल आणि वरच्या साहेबांना दाखवायला पुरावाही राहील.

घरच्या भानगडीत आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे आतला तपासनीस. व्हायरस तपासणारा प्रोग्राम मेमरी संपून मेला की पोस्टफिक्स प्रत्येक पत्र १२७.०.०.१ च्या १००२४ पोर्टवर नेतो, दार बंद बघतो आणि परत आणून ठेवतो. बाहेरच्या जगाचा काही संबंध नसतो. याचा सगळ्यात मोठा नमुना १ जानेवारी २०२२ ला दिसला. जगभरच्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरांवर मेल रांगेत साठू लागले. मालवेअर तपासणाऱ्या भागाने तारखेपासून बनवलेला २२०१०१०००१ हा आकडा अशा खणात ठेवायचा प्रयत्न केला होता, ज्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. तपासणीच सुरू होईना, म्हणून पत्र पुढे जाईना. नववर्षाच्या सकाळी कितीतरी ॲडमिन फायरवॉल आणि डीएनएस खणत बसले असतील! मेल हरवले नव्हते. तपासणी बाजूला केली किंवा दुरुस्ती चढवली की रांगा वाहू लागल्या.

आता ज्यासाठी तुला बसवून ठेवलंय ते. रांग साठलेली दिसली की 'पोस्टक्यू -एफ' मारायचा हात शिवशिवतो. शेजारी साहेब उभे असले तर जास्तच. मारू नकोस. त्या आज्ञेने अडलेलं सगळं टपाल एकदम चालू रांगेत ढकललं जातं. त्यात बंद पडलेल्या सर्व्हरांकडे जाणारी शेकडो पत्रं असतात, आणि त्यांच्या पायी पाठवणाऱ्या प्रोसेस पुन्हा पुन्हा तीस-तीस सेकंद बंद दारावर उभ्या राहतात. अशा प्रोसेसची मूळ मर्यादा १०० आहे. त्या अडकल्या की मागे आलेलं ताजं, सहज जाणारं पत्रही खोळंबतं. म्हणजे दहा जणांचा उशीर तू सगळ्या ऑफिसला वाटलास. पोस्टफिक्सच्या कागदपत्रांतही वारंवार असं करू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. त्यातून ४२१ देणाऱ्या सर्व्हरला पुन्हा पुन्हा हटकलंस तर तो अजून घट्ट होतो. क्रॉनमध्ये दर मिनिटाला ही आज्ञा टाकणारे महाभाग मी पाहिलेत. अशा सर्व्हरवर बसलीस तर पहिल्या दिवशी ती ओळ काढ.

कारण दूर झालंय याची खात्री असेल आणि एकच पत्र तातडीचं असेल तर 'पोस्टक्यू -आय' आणि पुढे त्या पत्राचा क्यू-आयडी, एवढंच सोड. ओटीपीसारखं घाईचं टपाल असेल तर त्याला वेगळा मार्ग दे, सगळ्यांचा बॅकऑफ कमी करू नकोस. आणि हळू जाणाऱ्या डोमेनांमुळे मुख्य सर्व्हर दबत असेल तर 'एसएमटीपी फॉलबॅक रिले' लावून ते रेंगाळणारं टपाल दुसऱ्या मशीनवर ठेव. तिथे ते पाच दिवस बसलं तरी कुणाला त्रास नाही.

उरल्या दोन गोष्टी, दोन्ही आजच कर. पोस्टफिक्समध्ये 'डिले वॉर्निंग टाइम' मुळात शून्य असतो. म्हणजे पत्र अडलंय हे पाठवणाऱ्याला पाच दिवस कळतच नाही, आणि टेंडरची तारीख तिसऱ्या दिवशीच गेलेली असते. तो चार तासांवर लाव आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेव, की ही सूचना आली तर पत्र पुन्हा पाठवू नका, फोन करा. दुसरं, प्रत्येक डोमेनला पोस्टमास्टर नावाचा पत्ता चालू ठेवावाच लागतो. समोरच्या सर्व्हरने विनाकारण अडवलं तर तिथे क्यू-आयडी, वेळ आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहून पाठव. उत्तर येतं असा माझा अनुभव आहे. आपल्या पोस्टमास्टरचं टपाल मात्र अजून माझ्याच पेटीत येतंय आणि ती पेटी महिनाअखेरीला बंद होणार आहे. तो एलियास त्याआधी तुझ्या नावावर करून घे.